शस्त्रक्रियेनंतरचे नऊ महिने

रिओ ऑलिम्पिकमधील १७ ऑगस्ट २०१६ हा दिवस भारतीयांच्या स्मरणात आहे तो साक्षी मलिकच्या कांस्यपदकामुळे. त्या स्पर्धेतील भारताचे ते पहिले पदक. पण त्याच दिवशी, त्याच आखाड्यात, आणखी एका भारतीय कुस्तीगीर मुलीचे स्वप्न भंगले होते. ४८ किलो गटाच्या उपांत्यपूर्व लढतीत चीनच्या सुन यानानशी झुंजताना विनेश फोगाटचा गुडघा विचित्र कोनात वळला आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. एकीच्या खांद्यावर तिरंगा आणि दुसरीच्या चेहऱ्यावर वेदना, अशी ती दोन दृश्ये होती. देशाने पहिले जपून ठेवले आणि दुसरे लवकरच विसरून गेला.

विनेश मात्र नऊ महिन्यांनी मॅटवर परतली. मे २०१७ मध्ये दिल्लीत झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल आणि आशियाई या दोन्ही क्रीडास्पर्धांत तिने सुवर्णपदके जिंकली आणि आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीगीर ठरली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिचा गुडघा पुन्हा जायबंदी झाला, पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि जेमतेम वर्षभरात ती पॅरिसमध्ये ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. शंभर ग्रॅम वजनाने तिचे पदक हिरावून घेतले, त्याची चर्चा पुष्कळ झाली. ती तिथवर पोहोचली कशी, त्या बारा महिन्यांत काय घडले, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

मला आज त्या न बोलल्या गेलेल्या महिन्यांविषयी लिहायचे आहे. यामागे एक खासगी कारण आहे, ते आधीच सांगून टाकतो. ऐंशीच्या दशकात जमशेदपूरच्या एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात मी मधल्या फळीत खेळत असे. एका पावसाळी सामन्यात चेंडू घेऊन वळत असताना उजवा पाय चिखलात रुतला, शरीर फिरले आणि गुडघ्यातून ‘फट्’ असा आवाज आला. मला कोणी धक्का दिला नव्हता, कोणी पाडलेही नव्हते. संघासोबत असलेल्या मालीशवाल्याने तेल लावून पाय ओढून पाहिला. दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरांनी सहा आठवड्यांचे प्लास्टर घातले. प्लास्टर काढले तेव्हा उजवी मांडी डावीच्या निम्म्याने उरली होती. ‘आता अभ्यासाकडे लक्ष द्या,’ असा सल्ला मिळाला आणि मी तो मानला. पुढची चाळीस वर्षे जिना उतरताना मी कठडा धरत आलो आहे. माझ्या जाण्याने भारतीय फुटबॉलचे काही बिघडले नाही. मी फार मोठा खेळाडू होणारही नव्हतो. पण ज्यांना खेळाखेरीज वर येण्याची दुसरी वाट नाही, त्यांच्या बाबतीत हा हिशेब इतक्या सहज मिटत नाही.

प्रथम दुखापतीविषयी. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत जोडणारे दोन अस्थिबंध एकमेकांना छेद देतात. त्यांपैकी पुढचा तो एसीएल. नडगी पुढे घसरू नये आणि वळताना गुडघा डगमगू नये, हे त्याचे काम. सरळ चालताना त्याची उणीव फारशी जाणवत नाही. धावता धावता थांबणे, दिशा बदलणे, उडी मारून एका पायावर उतरणे, अशा वेळी मात्र सारा भार त्याच्यावर येतो. म्हणूनच फुटबॉल, कबड्डी, बास्केटबॉल, बॅडमिंटन, कुस्ती या खेळांत तो फाटतो आणि बहुसंख्य वेळा प्रतिस्पर्ध्याचा धक्का न लागताच फाटतो. पूर्ण फाटलेला एसीएल बहुधा आपला आपण पूर्ववत जुळत नाही. त्यामुळे शल्यचिकित्सक रुग्णाच्याच शरीरातील दुसरा एखादा पट्टा, बहुतेकदा मांडीच्या मागच्या स्नायूचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा, काढून त्या जागी बसवतात. दुर्बिणीतून होणारी ही शस्त्रक्रिया आज भारतातील मोठ्या शहरांत नित्याची झाली आहे आणि आपले शल्यचिकित्सक ती जगात कुठेही होते तितक्याच कौशल्याने करतात. विनेश, सायना नेहवाल आणि ऋषभ पंत या तिघांच्याही गुडघ्यांवरील शस्त्रक्रिया मुंबईत झाल्या, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

पण शस्त्रक्रिया हा या गोष्टीचा शेवट नसून आरंभ असतो. बसवलेला पट्टा पहिल्या दिवशी निर्जीव दोरासारखा असतो. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, त्याच्या पेशी बदलतात आणि तो हळूहळू अस्थिबंधाचे रूप धारण करतो. या स्थित्यंतराच्या आरंभीच्या महिन्यांत तो आधीपेक्षाही कमकुवत होतो. गंमत अशी, की नेमक्या याच काळात सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते आणि खेळाडूला वाटते की आपण बरे झालो. पहिल्या आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ करणे आणि झोपी गेलेले मांडीचे स्नायू जागे करणे, मग कुबड्या सोडून नीट चालणे, मग सायकल, सुमारे तीनचार महिन्यांनी सरळ रेषेत धावणे, नंतर उड्या, नंतर वळणे आणि सर्वांत शेवटी प्रतिस्पर्ध्यासह सराव, असा हा क्रम आहे. प्रत्येक पायरीवर मोजमाप लागते. जायबंदी पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान नव्वद टक्के झाली का, एका पायावर उडी मारून तो तोल सावरतो का, आणि खेळाडूच्या मनातील भीती गेली का, हे पाहिल्याशिवाय पुढे जायचे नसते.

घाई केल्यास काय होते, याचा एक अभ्यास नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. अभ्यास लहान होता, शंभरेक रुग्णांचा. पण त्याचे निष्कर्ष डोळे उघडणारे होते. नऊ महिन्यांपर्यंत मैदानावरील पुनरागमन जितके महिने लांबवले, तितका पुन्हा दुखापत होण्याचा दर दर महिन्यामागे निम्म्याने घटत गेला. पुनरागमनाचे निकष पूर्ण न करता परतलेल्यांपैकी ३८ टक्के खेळाडूंचा गुडघा पुन्हा जायबंदी झाला. निकष पूर्ण करून परतलेल्यांत हेच प्रमाण सहा टक्क्यांहून कमी होते. त्याआधी २०१४ मध्ये सुमारे साडेसात हजार रुग्णांच्या माहितीचा एकत्रित आढावा घेतला गेला होता. त्यात असे दिसले, की शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळाकडे वळतात, पण स्पर्धात्मक खेळात परततात ते केवळ ५५ टक्के. हे आकडे प्रामुख्याने ज्या देशांत पुनर्वसनाची व्यवस्था चांगली आहे, तेथील आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता भारतातील दोन टोके पाहू. ३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे रुरकीजवळ झालेल्या मोटार अपघातात ऋषभ पंतच्या उजव्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. त्यानंतरचा त्याचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत शस्त्रक्रिया, बंगळूरुच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत अनेक महिने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली पुनर्वसन, सुमारे पंधरा महिन्यांनी आयपीएलमध्ये पुनरागमन, जून २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक आणि सप्टेंबरमध्ये चेन्नईत बांगलादेशविरुद्ध कसोटी शतक. या साऱ्या काळात त्याचे नाव क्रिकेट मंडळाच्या करार यादीत कायम होते. त्याच्या जिद्दीला माझा सलाम आहे. परंतु त्या जिद्दीला वेळ, पैसा आणि तज्ज्ञ मनुष्यबळ यांची जोड मिळाली, हेही तितकेच खरे. कबड्डीपटू पवन सेहरावतचे उदाहरणही असेच. २०२२ च्या प्रो कबड्डी मोसमातील सर्वांत महागडा खेळाडू आपल्या पहिल्याच सामन्यात गुडघा धरून बाहेर गेला आणि संपूर्ण मोसमाला मुकला. वर्षभरात तो परतला, पुढच्या लिलावात आणखी मोठ्या बोलीला विकला गेला आणि त्याच्या नेतृत्वाखाली भारताने हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्ण जिंकले.

दुसरे टोकही नोव्हेंबर २०२२ मधलेच आहे, म्हणजे पंतच्या अपघाताच्या जेमतेम दीड महिना आधीचे. चेन्नईतील १७ वर्षांच्या एका महाविद्यालयीन फुटबॉलपटू मुलीच्या गुडघ्यावर एका सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. नंतर बांधलेल्या घट्ट पट्टीमुळे पायाचा रक्तपुरवठा खुंटला. ते वेळीच कोणाच्या लक्षात आले नाही. पाय कापावा लागला आणि काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला. दोन डॉक्टरांवर निलंबनाची कारवाई झाली, कुटुंबाला मदत जाहीर झाली, चार दिवस वृत्तपत्रांत मथळे आले. हे प्रकरण अपवादात्मक होते, हे मान्य. शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उतरल्यावर रुग्णाकडे पाहणारी नजर आपल्याकडे किती सहज दुसरीकडे वळते, हे मात्र त्यातून दिसले. त्या मुलीच्या बाबतीत ती नजर काही तासांत वळली. इतर असंख्य मुलामुलींच्या बाबतीत ती काही दिवसांत वळते. त्यांचा जीव जात नाही, फक्त खेळ जातो. आणि म्हणून मथळा होत नाही.

अशाच एका मुलीला मी गेल्या हिवाळ्यात रांचीत भेटलो. ती शहरापासून बरीच दूर असलेल्या एका खेड्यातली, वय १९, राज्याच्या संघाच्या उंबरठ्यावर असलेली फुटबॉलपटू. एका स्थानिक स्पर्धेत उडी मारून उतरताना तिचा गुडघा गेला. सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया विनामूल्य झाली आणि ती उत्तम झाली होती, असे नंतर पाहणाऱ्या डॉक्टरांनीही सांगितले. घरी जाताना तिच्या हातात इंग्रजीत छापलेला व्यायामाचा एक कागद देण्यात आला. जवळचा फिजिओथेरपिस्ट ६० किलोमीटरवर. एका खेपेचे ४०० रुपये, वर बसभाडे, आणि सोबत येणाऱ्या आईची त्या दिवसाची बुडालेली मजुरी. ती तीनदा गेली. मग कागदावरची चित्रे पाहून घरीच व्यायाम करू लागली. चौथ्या महिन्यात राज्य संघाच्या निवड चाचण्या जाहीर झाल्या.

‘दुखत नव्हतं, सर,’ ती मला म्हणाली. ‘सूजपण नव्हती. मला वाटलं, झाला बरा.’

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी, विसाव्या मिनिटाला, बसवलेला पट्टा तुटला.

तुला कोणी थांबवले नाही का, असे मी विचारले. तिने माझ्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिले. ‘या वर्षी नाही खेळले असते तर सर्टिफिकेट नसतं मिळालं. आणि सर्टिफिकेट नाही, तर नोकरी नाही.’

तिच्या या एका वाक्यात आपल्या क्रीडाव्यवस्थेचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे. रेल्वे, पोलीस, निमलष्करी दले यांतील क्रीडा कोट्याच्या नोकऱ्या हा झारखंड, हरियाणा, मणिपूर, ओडिशा अशा राज्यांतील हजारो मुलामुलींच्या खेळामागचा खरा आधार आहे. त्या नोकरीसाठी ठरावीक वर्षांच्या आत मिळवलेली ठरावीक पातळीवरील कामगिरी दाखवावी लागते. वयाचीही मर्यादा असते. या नियमांना दुखापत ठाऊक नाही. घड्याळ चालूच राहते. नऊ महिने थांबा असे विज्ञान सांगते आणि थांबलीस तर संधी गेली असे नियम सांगतात. अशा वेळी १९ वर्षांच्या मुलीने घाई केली, तर ती तिची नादानी म्हणायची की तिचा व्यवहारीपणा?

इथे आपल्या वाचकांचा आणि माझ्यासारख्या लिहिणाऱ्यांचाही काही दोष आहे. वेदना गिळून खेळणाऱ्या खेळाडूच्या कथा आपल्याला फार आवडतात. २०१५ चा विश्वचषक आपण गुडघ्याच्या गंभीर दुखापतीसह खेळलो, हे मोहम्मद शमीने पुढे स्वतः सांगितले, तेव्हा त्याचे कौतुकच झाले. टोकियोत बजरंग पुनियाने जायबंदी गुडघ्यावरील पट्टी काढून कांस्यपदकाची लढत खेळली आणि जिंकली, तेव्हा मीही दूरचित्रवाणीसमोर उठून टाळ्या वाजवल्या होत्या. ऑलिम्पिकच्या आखाड्यात उतरलेल्या प्रौढ, अनुभवी मल्लाने घेतलेला तो निर्णय होता आणि त्याला तो घेण्याचा अधिकार होता. परंतु तीच कथा जिल्हा पातळीवरचा प्रशिक्षक चौदा वर्षांच्या मुलाला सांगतो, तेव्हा तिचा अर्थ बदलतो. ‘थोडं दुखतं तर खेळ, मोठे खेळाडू असेच घडतात,’ हे वाक्य मी माझ्या तरुणपणी ऐकले होते. ते आजही तितक्याच सहजतेने उच्चारले जाते.

याउलट, संयमाची कथा सांगायला कोणी धजत नाही, कारण तीत नाट्य नसते. जानेवारी २०१९ मध्ये जकार्तातील अंतिम सामन्यात सायना नेहवालविरुद्ध खेळताना स्पेनच्या कॅरोलिना मारिनचा गुडघा गेला आणि तिला सामना सोडावा लागला. स्वतः त्याच वेदनेतून गेलेल्या सायनाला ते विजेतेपद गोड लागले नसणार, असे मला आजही वाटते. मारिन त्याच वर्षी परतली आणि तिने मोठी स्पर्धा जिंकली. पुढे तिचा दुसराही गुडघा गेला. आणि पॅरिसमध्ये उपांत्य सामन्यात आघाडीवर असताना पहिला गुडघा पुन्हा. उत्तमोत्तम व्यवस्था असूनही ही दुखापत किती निर्दय असू शकते, याचे हे उदाहरण. मग जिथे व्यवस्थाच नाही तिथे काय होत असेल?

मुलींच्या बाबतीत प्रश्न अधिक तीव्र आहे. एकाच खेळात एसीएल फाटण्याची जोखीम मुलींना मुलांच्या दुपटीहून अधिक असते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून पुढे आले आहे. त्यात शरीररचनेचा वाटा किती आणि अपुरा व्यायाम, निकृष्ट मैदाने, न बसणारे बूट यांचा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. युरोपातील व्यावसायिक फुटबॉल क्लबशी करारबद्ध झालेली पहिली भारतीय महिला बाला देवी हिलाही स्कॉटलंडमध्ये खेळताना या दुखापतीला सामोरे जावे लागले. तिच्या पाठीशी क्लबची वैद्यकीय यंत्रणा होती. तिच्याच मणिपुरातील एखाद्या शाळकरी मुलीच्या पाठीशी फारतर तिचे क्रीडाशिक्षक असतात.

काय करता येईल? माझ्या मते चार गोष्टी, आणि त्यांपैकी एकही अशक्यप्राय नाही.

पहिली गोष्ट विम्याची. सप्टेंबर २०१८ मध्ये रांचीतूनच आरंभ झालेल्या आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण दिले. तिच्या मर्यादा काहीही असोत, ही योजना आवश्यक होती. परंतु तिच्या रचनेत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे केवळ १५ दिवस धरलेले आहेत. नऊ महिन्यांच्या उपचारातील पहिला पंधरवडा सरकारचा आणि उरलेले साडेआठ महिने रुग्णाचे, असा हा करार आहे. ज्या शस्त्रक्रियांचे यश पुनर्वसनावर अवलंबून असते, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन हे एकच पॅकेज मानले जावे आणि रुग्णालयाला देय रकमेचा शेवटचा हप्ता रुग्णाने ठरलेला टप्पा गाठल्यावर मिळावा. अन्यथा आपण घराचा पाया सरकारी खर्चाने घालतो आणि भिंती पावसावर सोडून देतो.

दुसरी गोष्ट माणसांची. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातील क्रीडा दुखापत केंद्र २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने उभे राहिले आणि स्पर्धेच्या इतर अनेक खर्चांपेक्षा ते अधिक उपयोगी ठरले. तशी भव्य केंद्रे प्रत्येक जिल्ह्यात होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. मात्र ‘खेलो इंडिया’खाली देशभरात एक हजारांहून अधिक जिल्हास्तरीय केंद्रांना मंजुरी मिळाली आहे. प्रत्येक केंद्रावर आठवड्यातून दोन दिवस जिल्हा रुग्णालयाचा फिजिओथेरपिस्ट बसावा, इतकी साधी जुळवणी खाते आणि खाते यांच्यात होऊ शकत नाही का? आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी मोठ्या संख्येने फिजिओथेरपिस्ट बाहेर पडतात. त्यांतील अनेकांना शहरात तुटपुंज्या पगारावर काम करावे लागते किंवा ते परदेशाची वाट धरतात. एकीकडे रुग्णाला माणूस मिळत नाही आणि दुसरीकडे माणसाला काम मिळत नाही, ही विसंगती केवळ नियोजनाच्या अभावातून आली आहे.

तिसरी गोष्ट नियमांची, आणि तिला पैसे जवळजवळ लागतच नाहीत. वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केलेल्या गंभीर दुखापतीच्या काळात क्रीडा कोट्याचे आणि क्रीडा शिष्यवृत्तीचे घड्याळ थांबवावे. कामगिरीसाठी मोजल्या जाणाऱ्या वर्षांत एका वर्षाची भर घालावी. निवड चाचणीला येणाऱ्या, शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूकडून शारीरिक क्षमतेचे प्रमाणपत्र मागावे आणि ते नसेल तर तिला घरी पाठवताना पुढच्या वर्षीच्या चाचणीची हमी द्यावी. रांचीत भेटलेल्या त्या मुलीला अशी हमी मिळाली असती, तर ती चौथ्या महिन्यात मैदानात उतरलीच नसती.

चौथी गोष्ट प्रतिबंधाची. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने विकसित केलेला सुमारे वीस मिनिटांचा सरावपूर्व व्यायामक्रम नियमित केल्यास दुखापतींचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते, असे नॉर्वेतील शाळकरी वयाच्या मुलींवर केलेल्या मोठ्या अभ्यासात दिसले. त्याला ना यंत्रे लागतात ना व्यायामशाळा. उडीवरून उतरताना गुडघे आत वळू न देणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणे, एका पायावर तोल साधणे, एवढेच. प्रत्येक क्रीडाशिक्षकाला ते दोन दिवसांत शिकवता येईल. त्याच्या जोडीला दुखापतींची नोंद ठेवली पाहिजे. नॉर्वेने २००४ पासून गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली आहे आणि त्या नोंदींतून तेथील डॉक्टर आपल्या चुका सुधारत आले आहेत. आपल्या शाळा-महाविद्यालयांत किती मुले जायबंदी होतात आणि त्यांतील किती परततात, हे मोजल्याशिवाय आपण धोरण आखणार तरी कशाच्या आधारे?

एक आक्षेप मला अपेक्षित आहे. जिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर मिळत नाही, तिथे खेळाडूंच्या गुडघ्यांची चिंता ही चैन नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे आणि तो हसण्यावारी नेता कामा नये. पण गुडघे केवळ खेळाडूंनाच नसतात. पाठीवर विटा वाहणारी मजूर स्त्री, झाडावरून पडलेला ताडी काढणारा, पक्षाघातातून उठू पाहणारा वृद्ध, अपघातात सापडलेला दुचाकीस्वार, या साऱ्यांना शस्त्रक्रियेइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, गरज असते ती नंतरच्या महिन्यांत हात धरून चालवणाऱ्याची. जिल्हा पातळीवर उभी राहिलेली पुनर्वसनाची यंत्रणा त्या सर्वांच्या उपयोगी पडेल. शिवाय प्रत्येक फाटलेल्या एसीएलला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. स्वीडनमधून आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, आधी शिस्तबद्ध पुनर्वसन घेतलेल्या तरुण रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना पुढील पाच वर्षांतही शस्त्रक्रिया करावी लागली नाही. म्हणजे पुनर्वसन चांगले असेल, तर काही ठिकाणी सरकारचा खर्च वाचूही शकेल.

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादेत व्हायची आहे आणि २०३६ च्या ऑलिम्पिकच्या यजमानपदाची आकांक्षा आपण उघडपणे बोलून दाखवली आहे. स्टेडियमे उभी राहतील, यात मला शंका नाही. काँक्रीट ओतण्यात आपण आता कोणाला हार जाणार नाही. २०३६ मध्ये ज्या मुलांनी पदके जिंकावीत अशी आपली अपेक्षा आहे, ती आज दहाबारा वर्षांची आहेत आणि कुठल्या तरी खडबडीत मैदानावर धावत आहेत. त्यांपैकी काहींचे गुडघे पुढच्या काही वर्षांत निश्चितपणे जायबंदी होतील. खेळ म्हटला की दुखापत आली. प्रश्न एवढाच, की त्यानंतर त्यांना किती काळ थांबता येईल आणि त्या काळात त्यांच्यासोबत कोण असेल.

रांचीहून निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्या मुलीला पुन्हा भेटलो. दुसरी शस्त्रक्रिया करायची की नाही, हे तिच्या घरात अजून ठरायचे होते. पट्टा पुन्हा बसवता येतो, पण पुन्हा नऊ महिने लागतील, असे डॉक्टरांनी तिला समजावून सांगितले होते. ती मैदानाच्या कडेला एका दगडावर बसून लहान मुलींकडून सरावाआधीचे व्यायाम करून घेत होती. एका पायावर उभे राहा, गुडघा आत जाऊ देऊ नका, घाई करू नका. तिच्या आवाजात अधिकार होता. हे सारे तिला कोणी शिकवले, असे मी विचारले. शस्त्रक्रियेनंतर मिळालेला तो इंग्रजी कागद तिने गावातल्या शाळेच्या बाईंकडून अक्षर न् अक्षर समजून घेतला होता. पहिल्या वेळी नव्हे, दुसऱ्यांदा गुडघा गेल्यानंतर.